मला न आलेलं पाचारण

ऊन कडक पडायला लागलं की आमच्या घरात सुकेळ्यांचं काम सुरू व्हायचं. विरारजवळच्या नंदाखाल गावातली आमची वाडी काही फार मोठी नव्हती, पण राजेळी केळ्यांचे चार-दोन घड कायम ओटीवर पिकायला टांगलेले असायचे आणि त्यांचा गोड, जड वास कपड्यांना, उशांना, अगदी माझ्या शाळेच्या वह्यांनाही लागायचा. आई पाटावर बसून केळी सोलायची, मी तिच्या समोर. मग अंगणातल्या बांबूच्या मांडवावर पेंढा पसरून त्यावर एकेक केळं ओळीत ठेवायचं, दुपारी उलटायचं, दव पडायच्या आत टोपलीत भरून आत आणायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. केळं तपकिरी होऊन त्याला स्वतःचाच चिकट पाक सुटेपर्यंत हा उद्योग चालायचा. मधूनच विहिरीवरच्या पंपाची धडधड, कावळ्यांना हाकलायची माझी ओरड आणि देवळाची घंटा. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. घंटा झाली की आई हातातलं केळं तसंच धरून डोळे मिटायची. बोलायचो आम्ही आमच्या घरच्या बोलीत, पण ती मी इथे लिहीत नाही. नातवंडांनाच ती धड कळत नाही, तर वाचणाऱ्यांना काय कळणार!

त्या पाटावर मला धड बसता यायचं नाही. मी एका बाजूवर कलून बसायचे, थोड्या वेळाने दुसऱ्या. आई म्हणायची, "रेजी, सरळ बस गं. बाईच्या जातीने असं काय एका कुल्ल्यावर बसायचं?" मी सरळ बसायचे आणि खाली आग व्हायची. मिरचीचा हात लागल्यावर होते ना, तशी. आमच्या घरात त्या जागेला नाव नव्हतं, "खाली" एवढंच म्हणायचे. आता वय झालं, लाज गेली, म्हणून सरळ लिहिते: माझ्या योनीच्या तोंडाशी आणि आत ओटीपोटात सतत दुखायचं. पाळीत कापड लागलं तरी जीव जायचा. नुसता स्पर्श झाला तरी झोंबायचं. लघवीला जाऊन आलं की तासभर कशातच लक्ष लागायचं नाही.

हे का होतंय, ते मला पक्कं माहीत होतं. देवाची शिक्षा. झालं होतं असं, की मी देवळातल्या कॉयरच्या प्रॅक्टिसला जाते असं आईला सांगून मैत्रिणीबरोबर तिच्या भावाच्या सायकलवर अर्नाळ्याला गेले होते. किनाऱ्यावर सुकत घातलेले बोंबील, किल्ल्याकडे निघालेली होडी, आणि आम्ही दोघी उगाच खिदळत भिजत होतो. येताना सायकल मी चालवली आणि त्या सीटवर पहिल्यांदा ती आग झाली. घरी आले तर आईने विचारलं, "आज कुठलं गाणं शिकवलं?" आणि मी एक जुनंच गाणं म्हणून दाखवलं. एवढंच माझं पाप. पण ज्या जागी दुखायला लागलं ती जागा बघता मला वाटलं, देवाने बरोब्बर हेरून मारलंय. पुढे कित्येकदा कन्फेशनला जाऊन मी त्याच खोट्याची पुन्हा पुन्हा कबुली दिली. फादर क्षमा द्यायचे, प्रायश्चित्ताला प्रार्थना द्यायचे, आणि मी गुडघे टेकायला बाकाकडे गेले की दुखणं तिथेच! म्हणजे देवाने माफ केलेलं नाही, असा मी साधा हिशेब लावायचे.

आईला "खाली जळजळतं" एवढंच सांगितलं होतं. तिने ओव्याचं पाणी दिलं, कोमट पाण्यात बसवलं, मग जरा कमी झाल्यासारखं वाटलं म्हणून मीच "बरं आहे" म्हणून टाकलं. पुढे आगाशीच्या एका डॉक्टरांनी न तपासताच मलम दिलं. विरारच्या डॉक्टरांनी दुसरं मलम दिलं. लघवी तपासली, काही निघालं नाही. तिसऱ्या डॉक्टर बाई होत्या, मला वाटलं आता तरी! त्यांनी तपासायला हात लावला आणि मी टेबलावरून जवळजवळ उडालेच. त्या वैतागल्या. आईला म्हणाल्या, "काही नाही हो, नाजूक आहे पोरगी. लग्न करून द्या, आपोआप बरं होईल." आई बिचारी मान हलवून उठली. रिक्षात माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोसायची सवय कर, बाळा. बाईला असतंच थोडंफार."

लग्न करून द्या म्हटल्यावर आमची आत्या कामाला लागणारच. निर्मळ गावचं स्थळ आणलं तिने. मुलगा बँकेत, स्वतःची वाडी, स्वभावाने गरीब. मला तो आवडलाही होता, खोटं का बोला! पण मैत्रिणीच्या लग्न झालेल्या बहिणीने हळूच सांगितलेल्या गोष्टी माझ्या कानात होत्या. जिथे कापड लागलं तरी मी ओठ चावते, तिथे हे कसं जमायचं? आणि नाही जमलं तर त्या भल्या माणसाचं वाटोळं माझ्यामुळे. मी नाही म्हटलं. आत्या म्हणाली, "का नाही, ते तर सांगशील!" मी गप्प. आई म्हणाली, "कोणी आहे का मनात?" मी अजून गप्प. कुठे बघावं ते कळेना, म्हणून समोरच्या भिंतीवर बघत राहिले. समोरच्या भिंतीवर आमची घरची वेदी, तिच्यावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि खाली लाल दिवा. आईने माझ्याकडे पाहिलं, मग तसबिरीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा असा काही बदलला की मी घाबरलेच. "रेजी," ती अगदी हळू म्हणाली, "पाचारण आहे का तुला?"

पाचारण म्हणजे देवाने मारलेली हाक. मुलगा फादर होणार, मुलगी सिस्टर होणार, तर त्यांना पाचारण आलं असं आमच्यात म्हणतात, आणि ज्या घरात ते येतं त्या घराचं गावात नाव होतं. मी हो म्हटलं नाही, देवाशपथ. पण नाहीही म्हटलं नाही. मी रडायला लागले आणि आईने मला छातीशी धरलं, आत्याने कपाळावर क्रूस केला. पप्पा शाळेतून आल्यावर त्यांना सांगितलं, तर माझे मास्तर पप्पा, जे कधी कोणासमोर डोळ्यांत पाणी आणत नसत, ते मांडवाकडे जाऊन उगाच केळी उलटत बसले.

मग काय विचारता! आठ दिवसांत गावभर झालं. अर्नाळ्याची मासळीवाली पाटी उतरवताना म्हणाली, "सिस्टर व्हनार म्हने आमची बाय? मंग माज्या पोराच्या होडीसाठी मागनं माग हां. आनि ताई, जरा पानी द्या, लय ऊन हाय." आईने तिला पाणी दिलं, वर मूठभर सुकेळी दिली. फादरांनी रविवारची उपासना, मिस्सा, झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईने सुकेळ्यांमधली निवडक बाजूला काढून मठासाठी डबा भरला. मी रात्री अंथरुणावर पडून विचार करायचे: आधी आईला फसवलं, आता देवालाच फसवायला निघाले. आई आनंदाने जितकी फुलायची तितकी मी आतून मरायचे. एकदा तर ती ओटीवर बसून माझ्यासाठी पांढऱ्या साडीला फॉल लावत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "आई, चहा टाकू?"

महिनाभर राहून बघायला मला मठात पाठवलं. तिथे आम्हा नव्या मुलींची जबाबदारी सिस्टर बेनेडिक्तांवर होती. आमच्याच बाजूच्या, वर्षानुवर्षं नर्सचं काम केलेल्या, उंच आणि जिभेच्या फटकळ. मठात सगळं बसून नाहीतर गुडघ्यांवर. सकाळची प्रार्थना, ध्यान, वाचन, जेवण, सगळं लाकडी बाकांवर. मी कलायचे, सरकायचे, दुपट्टा घडी करून खाली घालायचे. एका सकाळी भाजी निवडताना त्यांनी मला समोर बसवलं.

"तुझ्या बाकाला ढेकूण झालेत का गं?"

"नाही, सिस्टर."

"मग दुखतंय कुठे?"

बस्स, एवढाच प्रश्न. इतक्या वर्षांत "काय झालंय" विचारलेलं होतं, "का नाही म्हणतेस" विचारलेलं होतं. कुठे दुखतंय, हे कोणी असं भाजी निवडता निवडता विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. सायकल, अर्नाळा, मलमं, स्थळ, तसबीर. सांगून झालं तोवर मेथीची जुडी सगळी संपली होती.

"आणि डॉक्टर काय म्हणाल्या?"

"लग्न कर म्हणाल्या."

"आणि म्हणून तू नन व्हायला आलीस! वा!" त्या हसल्या, पण लगेच त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे बघ रेजिना, देवाला माणसं हवी असतात, लपायला आलेली नकोत. उद्या तुला खरंच हाक आली तर दार उघडं आहे. पण आधी हे दुखणं बघायचं. खोटं बोललीस म्हणून देव मुलींना असं दुखणं देत बसत नाही. त्याला दुसरी कामं नाहीत का? घरी जा. आईला सांग. मग दोघी या, मी मुंबईतल्या माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना चिठ्ठी देते."

"आईला तुम्ही सांगाल का?"

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर ओढून घेतली.

घरी आले तेव्हा आई मांडवापाशी होती. मला बघून धावतच आली. "एवढ्यात सोडलं? सुट्टी दिली?" तिच्या हातांना केळ्याचा चीक होता, म्हणून मला न धरता कोपरांनीच तिने मिठी मारली. मी म्हटलं, "आई, मला पाचारण नाही." आणि ती काही बोलायच्या आत बाकीचंही सांगून टाकलं, कारण थांबले असते तर पुन्हा चहाच टाकला असता. आई तशीच खाली पाटावर बसली. ती रागावली असती, चारचौघांत नाक कापलंस म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती आपल्या बोटांवरचा चीक पुसत राहिली. मग म्हणाली, "एवढ्यासाठी तू ते स्थळ नाकारलंस? अगं, ते तर..." आणि थांबली. "चल. जाऊ आपण. पप्पांना सांगू, मठात घ्यायच्या आधी डॉक्टरची तपासणी लागते." आईने पप्पांशी खोटं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्यापायी. ओझ्यात आणखी एक भर.

मुंबईच्या त्या डॉक्टरबाई बुटक्या, चष्म्याच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधी नुसतंच ऐकलं. मग म्हणाल्या, "तपासू का? तू थांब म्हटलंस की मी थांबणार." अंगावर चादर घातली. हातात कापसाची साधी काडी, कान साफ करतो तसली. बाहेरून एकेका जागी हलकेच टेकवत विचारायच्या, इथे? इथे? काही जागी काहीच नाही, आणि एका जागी मी किंचाळले. त्या लगेच थांबल्या. म्हणाल्या, "सापडलं." मला आठवतं, त्या "सापडलं"नेच मला रडू फुटलं. म्हणजे ते होतं. मी नाजूक नव्हते, नाटकी नव्हते.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कंबरेच्या हाडांच्या खालच्या बाजूला स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भपिशवी सगळं टेकलेलं असतं. माझ्या नसा त्या एका जागी फार हळव्या झाल्या होत्या. साधा स्पर्शही त्यांना इजा वाटायचा. दुखेल या भीतीने मी ती झोळी सतत आवळून धरत होते, आणि आवळल्यामुळे अजून दुखत होतं. सायकलने ते झालं असंही नाही, त्या दिवशी फक्त लक्षात आलं. जंतूंचं काही नव्हतं, म्हणून मलमांनी गुण येत नव्हता, उलट त्यातली काही झोंबतच होती. सगळी मलमं आणि साबण बंद, नुसतं पाणी. नसांचं दुखणं शांत करणारी गोळी, अगदी लहान. आणि मुख्य म्हणजे व्यायाम: स्नायू घट्ट करायचे नाहीत, सैल सोडायला शिकायचे. त्यासाठी त्यांनी एका बाईंकडे पाठवलं. "महिने लागतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कधी कमी होईल, कधी उलटेल. पण बहुतेकींना बराच आराम पडतो. आणि एक ऐक, दुखतं हा तुझा गुन्हा नाही."

आम्ही उठलो. आईने पिशवी घेतली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन खुर्चीवर बसली.

"डॉक्टर, पन्नाशीच्या बाईला होतं का हो हे बरं?"

"कोणाला आहे?"

आई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "आमच्या शेजारी एक आहे," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मलाच," आई म्हणाली. "लग्न झालं त्या दिवसापासून. मला वाटलं, लग्न म्हणजे हेच असतं. म्हणून हिला सोस म्हटलं हो मी. माझ्याच तोंडाने म्हटलं." आणि तिने पदर तोंडात धरला.

मी दाराशी उभी. आम्ही तीन भावंडं. आम्ही तिघंही कसल्या रात्रींतून जन्मलो ते मला त्या क्षणी कळलं आणि कुठे तोंड लपवावं ते कळेना. स्वतःची कीव करत मी इतकी वर्षं काढली, आणि माझ्यासमोर पाटावर सरळ बसून केळी सोलणारी बाई तेच दुखणं घेऊन बसली होती. डॉक्टरबाईंनी आईला सांगितलं, वयाची काही अट नाही, तुमचं कारण वेगळंही असू शकेल, तपासून बघू. आणि त्या दिवशी चादरीखाली माझ्यानंतर माझी आई झोपली.

त्यानंतर दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी आतल्या खोलीत कडी लावून चटईवर पडायचो. गुडघे वाकवायचे, पोटावर हात, श्वास खोल आत घ्यायचा आणि घेताना खालचं सगळं सैल सोडायचं. ऐकायला काय सोपं! मला तर जन्मभर आवळलेलं सोडायचं म्हणजे आपण कुठेतरी पडू असं वाटायचं. आईला आकडे मोजत श्वास घेणं जमेना, मध्येच विसरायची. मग तिने आपली जपमाळ घेतली. एक मणी, एक श्वास, आणि श्वास सोडताना 'नमो मरिये' या मरियामातेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग. बाहेर ओटीवर पप्पा आरामखुर्चीत पडलेले असत. त्यांना आम्ही सांगितलं होतं, आम्ही रोझरी करतो.

आज मी हे लिहिते तेव्हा माझं दुखणं पार गेलंय असं नाही. पुढे मी लग्नही केलं, उशिरा, सगळं आधी सांगून. तो निर्मळचा नव्हे, दुसराच. ताण आला की अजून ते डोकं वर काढतं, मग मी चटई घालते. मनवेलपाड्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये परवा भाची आली होती, फोनवर तिने या दुखण्याची पाच नावं काढून दाखवली आणि तरी मला विचारलं, "मावशी, ममीला कसं सांगू?" मी तिला ती दुपार सांगितली, तीच इथे सांगते.

आम्ही चटईवर होतो. आईने श्वास सोडत पहिला अर्धा भाग म्हटला, आणि ओटीवरून पप्पांनी दुसरा अर्धा म्हटला. आमच्यात रोझरी तशीच करतात. एकाने सुरुवात करायची, बाकीच्यांनी पुरी करायची. आईने दुसरा मणी घेतला, पुन्हा पप्पांचा आवाज आला. मला हसू आवरेना. आईकडे पाहिलं तर तिच्या कानांकडे पाणी वाहत होतं. "बिचारे तिथे देवाला हाक मारतायत," ती म्हणाली, "आणि मी इथे... किती फसवायचं गं त्यांना?" ती उठली, साडी नीट केली आणि कडी काढली.

मी चटईवरून सगळं ऐकलं. "अहो, रेजीला पाचारण नाही. तिला दुखणं आहे, बाईचं. आता औषध चालू आहे." मग आई म्हणाली, "मलाही आहे. लग्नापासून."

पंप चालू होता, पाणी बहुतेक वाफ्याबाहेर चाललं असेल, पण बंद करायला कोणी उठलं नाही.

"मग मला बोलली का नाहीस?" पप्पांचा आवाज मला ओळखूच येईना.

"तुम्हाला झोप लागायची," आई म्हणाली.

मग खुर्ची करकरली.

"पुन्हा कधी जायचंय डॉक्टरकडे?"

"पुढच्या शुक्रवारी."

"मी येतो."

"बायकांचा दवाखाना आहे, तुम्हाला आत घेणार नाहीत. बाहेर बसावं लागेल."

"बसतो," पप्पा म्हणाले.